पेटीतला वारा

नागपूरला भाच्याने स्वतः जोडलेल्या संगणकात तिसरा फॅन बसवला, आणि प्रोसेसरचं तापमान उतरायचं सोडून ९१ अंशांवरच ठाण मांडून बसलं. "मामा, फॅनच डुप्लिकेट लागला बहुतेक," तो म्हणाला. मी देवघरातून उदबत्ती आणली.

धूर कुठे गेला ते सांगतोच, पण आधी त्या पेटीत काय चाललेलं असतं ते बघण्यासारखं आहे. गेम रंगात आला की असा संगणक सहज ४०० वॅट वीज ओढतो आणि त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बसते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे तीन बादल्या पाणी मावेल एवढ्या कॅबिनेटमध्ये चार माणसं कोंबलेली. त्यांतला प्रोसेसर तर नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात तापत असतो.

ही उष्णता बाहेर काढायला आपण कोणाला नेमतो? हवेला! उष्णता आपल्या अंगातून पुढे सरकू देण्यात तांबं हवेपेक्षा सुमारे १५,००० पट सरस आहे. हवा त्या कामात अगदीच ढ. गोधडीची ऊब नुसत्या कापडाची नसते, चिंध्यांच्या थरांत अडकलेल्या हवेची असते. प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकमध्ये थर्मल पेस्ट लावतात तीही याच कारणाने. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खाचखळग्यांनी भरलेले असतात आणि त्या खळग्यांतून हवेला हाकलायचं असतं.

पण हवेत एक गुण आहे: तिला पळवता येतं. उष्णता पुढे सरकवायची नाही, कडेवर घेऊन चालू पडायचं. हिशोब करून पाहा. ४०० वॅट उचलून हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू नये असं वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ४० ग्रॅम हवा पेटीतून जायला हवी. ४० ग्रॅम म्हणजे ३३-३४ लिटर. पेटीतली अख्खी हवा दर दीड सेकंदाला नवी! तासाभरात पेटीच्या जाळीतून १४० किलो हवा ये-जा करते, दोन धडधाकट माणसांच्या वजनाएवढी. मी हे गणित तीनदा मांडलं, कारण विश्वास बसेना.

एवढं वादळ वाहत असूनही पत्र्याला अगदी चिकटलेली हवा हलतच नाही. छताच्या पंख्याची पाती दिवसभर गरागरा फिरतात, तरी दिवाळीत त्यांच्यावरून काळ्या धुळीचा थर खरवडावा लागतो. पात्यालगतची हवा पात्याबरोबरच फिरत राहते, त्यामुळे बारीक धूळ उडून जात नाही. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत या पातळ थराची उपपत्ती मांडली, आणि विमानाच्या पंखापासून हीटसिंकपर्यंत सगळ्यांना ती लागू पडली. हीटसिंकला पुस्तकाच्या पानांसारखे पत्रे असतात ते म्हणूनच. हवा ढ आहे, तर तिला शिवायला भरपूर जागा द्यायची, आणि झोत असा ठेवायचा की तो चिकटलेला थर पातळ होईल.

प्रोसेसरपासून त्या पत्र्यांपर्यंत उष्णता नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या मला सगळ्यात मोहक वाटतात. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी भरून त्या बंद केलेल्या असतात. दाब इतका कमी, की तिथलं पाणी कोमट झालं तरी उकळतं. वाफ गार टोकाकडे धावते, तिथे उष्णता टाकून पुन्हा पाणी होते आणि समईच्या वातीत तेल चढावं तशी आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. ना पंप, ना आवाज. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अंतराळयानं होती.

आता उदबत्ती. पुढच्या जाळीपाशी धूर सरळ आत गेला. छान. मागच्या फॅनपाशी धरली, तर तिथेही आत! नवा फॅन उलटा बसला होता. मोटरला धरून ठेवणाऱ्या काड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. भाच्याने त्या आतल्या अंगाला ठेवल्या होत्या. तिन्ही फॅन हवा आत ढकलत होते आणि तिला निघायला फटींशिवाय वाट नव्हती.

नागपूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद केल्या तर खोली दमट होते, गार होत नाही. समोरचं दार किलकिलं ठेवावंच लागतं. घरात हवा खेळती हवी म्हणतो आपण. संगणकात मात्र तिने खेळत बसता कामा नये, पुढून येऊन मागून निघून जावं. गरम हवा वर जाते हे शाळेतलं सत्यही इथे फारसं कामाला येत नाही. १० अंशांनी तापलेली हवा जेमतेम ३ टक्के हलकी होते, तिला साधा फॅनही पाहिजे तिकडे वळवतो. वायरी नीट बांधण्यात लोक रविवार घालवतात. दिसायला बरं दिसतं, पण जाळीवरची धूळ ब्रशने झाडणं त्याहून जास्त उपयोगाचं.

फॅन उलटवला. तासाभराने आकडा ८२ वर आला आणि भाचा खूश झाला. मग कपाळ पुसत म्हणाला, "मामा, पण खोली तापलीय हो."

तापणारच. ४०० वॅट होते तेवढेच होते, फक्त पेटीतून निघून आमच्यात येऊन बसले होते. मी कूलर लावला आणि समोरचं दार किलकिलं केलं.