श्वास विसरणाऱ्या बाळांसाठी कॅफीन

मॉनिटर वाजला की सिस्टरचं लक्ष आधी बाळाच्या छातीकडे जातं. काचेच्या पेटीत जेमतेम ९०० ग्रॅमचं बाळ. त्वचा इतकी पातळ की खालच्या शिरा मोजाव्यात. आत्तापर्यंत भराभर वरखाली होणारी छाती थांबलेली असते. दहा सेकंद, पंधरा, वीस. ओठ निळसर होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. सिस्टर गोल खिडकीतून हात घालून तळपायाला हलकी टिचकी मारतात. बाळ दचकतं आणि श्वास पुन्हा सुरू होतो.

‘बाळाला काचेत ठेवलंय’ म्हणून सांगताना घरच्यांचा आवाज जड होतो, त्यामागे बरेचदा हे दृश्य असतं. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचा श्वास असा अधूनमधून थांबतो. आईने गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं, याचा हिशेब मांडणाऱ्यांनी एक समजून घ्यावं. पोटात असताना या बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळत होता. अखंड श्वास घेण्याची गरजच नव्हती, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र अजून पूर्ण तयार झालेलं नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तुमचा-आमचा मेंदू लगेच श्वास ओढायला लावतो. याचा मेंदू तो इशारा नीट ओळखत नाही.

त्यात ॲडिनोसिन नावाचं, शरीरातच बनणारं रसायन या केंद्राला आणखी मंद करतं. इथे कॅफीन कामाला येतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं ते मेंदूतल्या ॲडिनोसिनच्या जागा अडवतं. चहाने आपली झोप उडते ती याच कारणाने. बाळाला दिलं जातं ते कॅफीन सायट्रेट. पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या ९०० ग्रॅमच्या बाळाला १८ मिलिग्रॅम. त्यातलं निव्वळ कॅफीन निम्मं, नऊ मिलिग्रॅम. नेहमीच्या ताकदीच्या औषधाचा एक मिलिलिटरही भरत नाही. पुढे दिवसातून एकदाच थोडा डोस पुरतो, कारण मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांत निघून जातं, तर या बाळाच्या कोवळ्या यकृताला त्यासाठी सुमारे १०० तास लागतात.

औषध तसं जुनं. १९७०च्या दशकात आधी दम्यावरचं थिओफिलिन आणि मग कॅफीन वापरात आलं. श्वास सुधारत होता, डॉक्टर समाधानी होते. पण एक भीती कायम होती. ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा ॲडिनोसिन मेंदूचं रक्षणही करतं. मग त्याचीच जागा अडवून आपण उद्याचं नुकसान तर करत नाही ना? तीसेक वर्षं बाळांना औषध दिलं जात होतं आणि या प्रश्नाला ठोस उत्तर नव्हतं. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

उत्तर शोधलं ते कॅनडातल्या बार्बरा श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. अनेक देशांतली ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची २००६ बाळं त्यांनी अभ्यासात घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना कॅफीन दिलं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय मिळालं, हे उपचार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. पहिले निष्कर्ष २००६ साली आले. फुफ्फुसांचा दीर्घ आजार कॅफीन न मिळालेल्यांत सुमारे ४७ टक्के बाळांना झाला, मिळालेल्यांत ३६ टक्क्यांना. खरी परीक्षा पुढे होती. दीड वर्षांच्या पुढची झालेली ही मुलं पुन्हा तपासली, तेव्हा सेरेब्रल पाल्सी हा मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार ७.३ टक्क्यांऐवजी ४.४ टक्क्यांत आढळला. ज्या मेंदूची काळजी होती, त्याचाच फायदा झाला होता. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. ती मुलं ११ वर्षांची होईपर्यंत संशोधकांनी पाठ सोडली नाही. हालचालींतल्या अडचणी तेव्हाही कॅफीनवाल्या गटात कमी होत्या. औषधाची पारख अशी मूल शाळेत जाईपर्यंत व्हायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या शिफारशींतही या बाळांसाठी कॅफीन आहे. ठोके फार वाढले तर डोस थांबवतात. सुरुवातीला वजन थोडं हळू वाढतं. आणि हे मुद्दाम सांगते: घरी आणलेल्या बाळाला चमचाभर कॉफी पाजण्याचा विचारही कुणी करू नये. मोजून, मॉनिटर लावून द्यायचं हे औषध आहे. घरी आलेल्या बाळाचा श्वास थांबला, तर टिचकी मारून जागं करा आणि तडक रुग्णालय गाठा.

पोटातले दिवस धरून बाळाचे साधारण ३४ आठवडे पूर्ण झाले की कॅफीन बंद करतात. ते शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे लगेच घरी सोडत नाहीत. रोजच्या नोंदीत सिस्टर शेवटचा श्वास कधी थांबला होता ते लिहितात आणि तिथून पाच-सात दिवस मोजतात. चौथ्या दिवशी मॉनिटर वाजला, तर मोजणी पुन्हा एकपासून. बाहेर बाकावर आजी दुपट्याची घडी मांडीवर घेऊन विचारते, “सिस्टर, आज कितवा?”