मोटारीतील तांबडा दिवा आणि तेलाचा दाब

मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपासून बेळगावच्या पेठेपर्यंत आपल्या व्यापारी बंधूंचा निम्मा व्यवहार तिच्या चाकांवर चालतो. वसुलीसाठी चिकोडी, मालासाठी कोल्हापूर, लग्नकार्यासाठी आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरून पलीकडे, अशी तिची दौड वर्षभर सुरू असते. असे असूनही तिच्या दर्शनी फळीवरील एका लहानशा तांबड्या दिव्याचा अर्थ पुष्कळांस नीट ठाऊक नसतो, आणि त्या अज्ञानाची किंमत बरीच मोठी पडते. शिवणयंत्राला तेल देण्याच्या झारीसारखे चित्र असलेला हा दिवा. तो लागला की 'तेल थोडे कमी झाले असेल, संकेश्वरला पोहोचल्यावर पाहू' असे म्हणून गाडी तशीच हाकणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत.

पहिली गोष्ट ही की, बहुतेक गाड्यांत हा तांबडा दिवा तेलाचे प्रमाण दाखवीतच नाही. तो तेलाचा दाब दाखवितो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर तिजोरीत भांडवल असणे निराळे आणि ते बाजारात खेळत असणे निराळे. इंजिनाच्या तळाशी जे भांडे असते, ज्याला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात, त्यात तीनचार लिटर तेल साठलेले असते. ते पंपाने उचलून, गाळून, बारीक वाटांनी प्रत्येक फिरत्या भागापर्यंत पोहोचविले जाते. चेंबरात तेल भरपूर आहे, परंतु पंप निकामी झाला किंवा गाळणी गाळाने तुंबली, तरी दिवा लागतोच.

या दाबाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी बेळगावकरांना दूर जावयास नको. उद्यमबागेतील कारखान्यांतून ज्या क्रँकशाफ्टचे यंत्रकाम होते, त्यांच्या गुळगुळीत गळ्यांची मापे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत सांभाळावी लागतात. हा गळा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्या दोहोंमध्ये केसाच्या जाडीहूनही कमी फट ठेवलेली असते. गाडी वेगात असताना तो सेकंदास चाळीस-पन्नास फेरे घेतो. तरीही धातू धातूला लागत नाही, कारण मधल्या तेलाच्या पातळ थरावर तो तरंगत असतो.

हा थर किती बलवान असतो, याचा शोध मोठा गमतीचा आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बीचम टॉवर नावाचे अभियंते आगगाडीच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी वरून एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी वर उसळून येऊ लागले. त्यांनी बूच लावले. ते निघून आले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला पाचरीसारखे आत ओढतो व त्यावर ओझे तोलून धरतो, हे १८८६ साली ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी गणिताने सिद्ध केले. मात्र ही पाचर टिकावी म्हणून तेलाचा पुरवठा अखंड हवा. तो तुटला की थर विरतो, धातू धातूला घासतो, आणि तापलेले बेअरिंग दांड्यास अक्षरशः चिकटून बसते. त्यास काही मिनिटेदेखील पुरतात.

आता मुख्य मुद्दा. गरम इंजिन रस्त्यावर धावताना तेलाचा दाब साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला तीनचार किलोग्रॅम असतो. दिव्याचे बटण मात्र तो अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास, कित्येक गाड्यांत त्याहूनही खाली, उतरल्याशिवाय दिवा लावीत नाही. म्हणजे दिवा लागेपर्यंत बहुतेक दाब गेलेला असतो. हा दिवा सावधगिरीचा पहिला निरोप नसून शेवटचा आहे. (काही गाड्यांत तेलाची पातळी सांगणारा पिवळा दिवा वेगळा असतो, त्याची निकड इतकी नाही.) पूर्वीच्या कित्येक मोटारींत दाबाचा काटा असे व तो हळूहळू उतरताना दिसे. ती सोय गेली, हे माझ्या मते ग्राहकाचे नुकसानच होय.

आपल्या भागात याचे कारण बहुधा रस्त्यावरच सापडते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या आडरस्त्यांवर, किंवा बेतालपणे उंचावलेल्या गतिरोधकावर, चेंबर आपटतो. आवाज होतो, आपण पुढे जातो. तेल मात्र थेंबाथेंबाने मागे राहते. स्तवनिधीच्या घाटात वळणावर दिवा क्षणभर लुकलुकून विझला, तर तेल इतके उतरले आहे की कलताच पंपाचे तोंड उघडे पडते, असे समजावे.

दिवा लागताच ॲक्सिलरेटरवरील पाय काढावा, डावीकडचा इशारा द्यावा व पहिल्याच सुरक्षित रुंद जागी थांबून तत्काळ इंजिन बंद करावे. गाडी चालत असताना, विशेषतः उतारावर, किल्ली फिरवू नये. इंजिन बंद पडले की ब्रेक व स्टिअरिंग जड होतात, आणि इंजिन वाचविण्याच्या नादात माणसे दगावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा. मंडळींना महामार्गाच्या कडेच्या पलीकडे उभे करावे. पुणे-बेंगळूर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

गाडी सपाट जागी असावी. दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून पाहावी. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल आणि गाडीखाली धार लागलेली नसेल, तर पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे तेल थोडे थोडे घालावे. बहुतेक मोटारींत दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते. एक डबा नेहमी डिकीत असावा. नंतर इंजिन सुरू करून दिवा काही सेकंदांत विझला, तर सावकाश जवळच्या मिस्त्रीकडे जावे. विझला नाही, किंवा पातळी ठीक असूनही तो लागला होता, किंवा तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर गाडी ओढूनच न्यावी. त्या दिवशीची वसुली उद्यावर गेली तरी चालेल. इंजिन उघडून क्रँकशाफ्ट घासून घेण्याचा खर्च त्या वसुलीतून निघेलच असे नाही.

'सेन्सर बिघडला आहे, दिव्याकडे पाहू नका' असा सल्लाही ऐकू येतो. ते बटण बिघडते हे खरे, आणि ते स्वस्तही असते. परंतु त्याच्या जागी दाबमापक लावून खरा दाब पाहिल्यावाचून असा निर्णय देणारा मिस्त्री अंदाजाने बोलत आहे, असे समजावे. दाट तेल ओतून दिवा विझविणे म्हणजे तर वहीतील तोटा खोडून टाकणे होय.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा सामान्यतः लागतो व इंजिन सुरू होताच विझतो. तो मुळीच लागला नाही, तर तार तुटली आहे की कोणी मुद्दाम काढून ठेवली आहे, याचा खुलासा झाल्याखेरीज बयाणा देऊ नये.