झटका गेला, मग आठवणी का जातात?

‘काकांना मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला होता, पण आता एकदम ठणठणीत आहेत!’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. ठणठणीत म्हणजे काय, तर हात हलतो, पाय टाकता येतो, बोलणं कळतं. स्ट्रोकचा हिशोब आपण हातापायांपासून सुरू करतो आणि तिथेच संपवतो. पण मंडळी, स्ट्रोक हा हातापायांचा नाही, मेंदूचा आजार आहे. आणि मेंदू फक्त हातपाय हलवत नाही. तो नावं लक्षात ठेवतो, सुट्टे पैसे मोजतो, आधी काय आणि नंतर काय करायचं ते ठरवतो, रागाला आवर घालतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांचंच बघा. सोसायटीचे हिशोब त्यांनी कित्येक वर्षं चोख ठेवले. स्ट्रोकनंतर तीन महिन्यांत ते जिना चढायला लागले, घरच्यांनी पेढे वाटले. पण वर्षभरात लाइटबिल दोनदा भरणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, एकच प्रश्न चारदा विचारणं सुरू झालं. ‘वय झालं’ असं कोणी म्हणालं, ‘मुद्दाम करतात’ असंही कोणी म्हणालं. कॉलेजात जाणाऱ्या नातवाशी तर रोज खटके उडायचे. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या केल्या तेव्हा कळलं, हा हट्ट नव्हता. स्ट्रोकनंतर आलेला स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया होता.

हे किती जणांना होतं?

ऑक्सफर्डमधल्या सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी २००९ साली जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिल्या स्ट्रोकनंतर साधारण दहातल्या एकाला नव्याने डिमेन्शिया झाला होता. पुन्हा स्ट्रोक आलेल्यांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त निघालं. २०१९ मध्ये याच दोघांनी ऑक्सफर्डशायरमधल्या २,३०५ रुग्णांची माहिती मांडली. स्ट्रोक गंभीर असेल तर एका वर्षात ३४ टक्के लोकांना डिमेन्शिया झाला, सौम्य असेल तर सुमारे ८ टक्के लोकांना आणि थोड्या वेळात आपोआप बरा होणारा ‘मिनी स्ट्रोक’ असेल तर सुमारे ५ टक्के लोकांना. म्हणजे छोटा झटकाही ‘काही नाही, गेला’ म्हणून सोडून देण्यासारखा नसतो.

आपल्या देशातही हा प्रश्न लहान नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्या प्रकारचे डिमेन्शिया आले, स्ट्रोकनंतरचा त्यातलाच एक.

पण होतं कशामुळे?

पहिलं कारण जागेचं. शहरातली एखादी गल्ली बंद झाली तर फारसं बिघडत नाही, पण मोठं जंक्शनच बंद पडलं तर सगळीकडे ट्रॅफिक जाम. मेंदूतही अशी जंक्शन्स आहेत. १२ अभ्यासांतल्या २,९५० रुग्णांचे स्कॅन तपासणारं एक संशोधन २०२१ मध्ये आलं. मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग, डावा थॅलॅमस आणि उजवा पॅरायटल भाग इथे इजा झाली तर विचारशक्तीवर परिणाम होण्याचा धोका सर्वात जास्त दिसला. डाग लहान असला तरी चुकीच्या जागी पडला की महागात पडतो.

दुसरं कारण आधीपासूनचं. वर्षानुवर्षांचं हाय बीपी आणि डायबिटीस मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत असतात आणि भागाभागांना जोडणारं वायरिंग हळूहळू झिजत असतं. काहींच्या मेंदूत अल्झायमरची प्रथिनंही गुपचूप साचलेली असतात. तोवर मेंदू कसंबसं निभावून नेत असतो. स्ट्रोक येतो आणि शिल्लक राहिलेली ताकदच संपते.

तिसरं कारण सगळ्यात इंटरेस्टिंग आहे, कारण जे बिघडणं महिन्यांनी दिसतं, त्याचा धागा इथे सापडू शकतो. स्टॅनफर्डच्या मॅरियन बकवॉल्टर यांच्या टीमने २०१५ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्ट्रोकनंतर लगेच उंदरांची स्मरणशक्ती ठीक होती, पण काही आठवड्यांनी ती ढासळली. मेलेल्या पेशींच्या जागी शरीराच्या संरक्षक यंत्रणेतल्या ‘बी’ पेशी जमल्या होत्या आणि अँटिबॉडी तयार करत होत्या. ज्या उंदरांमध्ये या पेशीच नव्हत्या, त्यांची स्मरणशक्ती टिकली. साफसफाईला आलेली माणसं काम संपल्यावरही घर सोडत नाहीत आणि चांगलं सामानही फोडायला लागतात, तसलाच प्रकार. स्ट्रोक आणि डिमेन्शिया दोन्ही असलेल्या काही माणसांच्या मेंदूतही या पेशी आढळल्या. माणसांमध्येही हेच घडतं असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत २०१९ पासून ‘डिस्कव्हरी’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. कोणाला डिमेन्शिया होतो, कोणाला होत नाही आणि का, हे शोधण्यासाठी स्ट्रोकच्या सुमारे ८,००० रुग्णांचा पाठपुरावा करायचं त्यात ठरलं.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, दुसरा स्ट्रोक टाळायचा. स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक येऊन गेलेल्या ६,१०५ जणांवरची ‘प्रोग्रेस’ चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बीपी कमी करणाऱ्या औषधांमुळे पुन्हा स्ट्रोक येऊन होणारा डिमेन्शिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. आजोबांची बीपीची गोळी चुकू न देणं हे कंटाळवाणं काम वाटतं, पण त्यातून मेंदू वाचतो. तंबाखू, सिगरेट बंद करायलाही याहून मोठं कारण नको.

दुसरी गोष्ट, विचारायचं. फॉलोअपला गेल्यावर हातापायांबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ‘डॉक्टर, मेमरी टेस्ट करायची का?’ घड्याळाचं चित्र काढणं, शब्द लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं अशा साध्या चाचण्या असतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. विसरणं दिसलं म्हणजे डिमेन्शियाच, असंही नाही. स्ट्रोकनंतरचं नैराश्य, झोपेचा त्रास, थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा एखादं औषध यांमुळेही माणूस हरवल्यासारखा वागतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

तिसरी गोष्ट, मिनिटं मोजायची. अचानक तोल गेला, दिसेनासं झालं, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर ‘जरा पडा, बरं वाटेल’ असं म्हणत बसू नका. १०८ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात आणि जितकं लवकर, तितकं चांगलं. उपचार न मिळालेल्या मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

आणि घरात स्ट्रोकमधून उठलेलं कोणी असेल, तर ते कालपर्यंत सहज करत असलेली कुठली गोष्ट आज अडतेय, ती तारखेसकट मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर ‘हल्ली विसरतात’ यापेक्षा ‘गेल्या दोन महिन्यांत तीनदा घराचा रस्ता चुकले’ हे जास्त उपयोगी पडतं. आई-बाबा कामावर आणि आपण घरी, असं बऱ्याच घरांत असतं. म्हणजे हा बदल सगळ्यात आधी आपल्यालाच दिसणार आहे.