मनात आणलं की होतं?

२०२५ च्या अखेरीस वाराणसीत रामघाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणानं शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केलं. जवळजवळ २,००० मंत्र. तेव्हापासून एकच वाक्य ऐकतो आहे : ‘बघा, मनात आणलं की होतं. पॉझिटिव्ह राहायचं, वाईट विचार मनात येऊच द्यायचा नाही.’ हे वाक्य चुकीचं आहे. शिवाय ज्याच्या कौतुकासाठी ते वापरतात, त्याचेच कष्ट ते पुसून टाकतं.

दंडक्रम म्हणजे काय ते आधी बघू. मंत्रातली पदं सुटी करायची आणि ठरलेल्या क्रमानं पुढे-मागे म्हणायची. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, परत पहिलं-दुसरं. मग दुसरं-तिसरं, आणि लगेच उलटं : तिसरं-दुसरं-पहिलं. पुन्हा आरंभापासून चौथ्या पदापर्यंत, पुन्हा मागे. प्रत्येक फेरीत साखळी लांबते, आणि पदांचे शेजारी बदलले की संधी आणि स्वरही बदलतात. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन अशा ज्या आठ विकृती आहेत, त्यांतली ही एक. एवढा खटाटोप कशासाठी? अक्षर न् अक्षर तोंडी टिकवायचं, तर स्मरणशक्ती कधीतरी दगा देणार हे धरूनच चालावं लागतं. सरळ म्हणताना निसटलेलं पद उलट फेरीत अडतं आणि चूक उघडी पडते. ‘चूक होईल’ असं ज्यांच्या मनात आलं, आणि ज्यांनी ते दडवलं नाही, त्यांनीच ही पद्धत बांधली. चुकलं तर सापडेल, सापडलं तर सुधारता येईल, हा त्यांचा भरवसा. मला तरी आशावाद म्हणजे हाच वाटतो.

शंका असेल त्यांच्यासाठी मानसशास्त्रातला दाखला. गॅब्रिएल ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतल्या नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. मनासारखी नोकरी मिळाल्याची गोड चित्रं जे वारंवार रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. ‘आपल्याला जमेल’ असा अंदाज ज्यांनी बांधला होता, त्यांचं मात्र बरं झालं. स्वप्नरंजन आणि अपेक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवर ‘मी यशस्वी आहे’ असं चिकटवून अभ्यासाला न बसणाऱ्या मुलाला हा फरक कुणीतरी सांगायला हवा, आणि ते चिकटवायला लावणाऱ्यांना तर आधी.

बाकीचे समज थोडक्यात. आशावाद जन्मतः असतो किंवा नसतो : जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण पाव निघाला. वाईट विचार दाबला की जातो : डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर लोकांना तेच अस्वल वारंवार आठवत राहिलं. मन खंबीर ठेवलं की कॅन्सर हरतो : डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांच्या अभ्यासात (२००७) मनःस्थितीचा जगण्याच्या कालावधीशी संबंध आढळला नाही, तेव्हा गेलेल्या माणसानं ‘हिंमत सोडली’ असं कृपा करून म्हणू नका. मग आशावादाला काहीच अर्थ नाही का? आहे. अमेरिकेतल्या २०१९ च्या मोठ्या पाहणीत आशावादी माणसं सरासरी ११ ते १५ टक्के जास्त जगलेली दिसली. कार्यकारण त्यातून सिद्ध होत नाही, पण नातं दिसतं.

राहिलं ते आपलं घरगुती ‘असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते’, म्हणजे वाईट बोललं की ते घडतं हा समज. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर ठरलेली आहे आणि पूर येण्याआधीच ती मोजपट्टीवर लिहिलेली असते. पाणी वाढू लागलं की नावा वर ओढून बांधतात. लिहिल्यानं गंगा चढत नाही.

मुलगा परीक्षेआधी म्हणतो, ‘मला जमणार नाही.’ आपण त्याला गप्प करतो, आणि भीती आतच राहते. ‘काय जमणार नाही?’ एवढंच विचारून बघा. तो पुस्तक उघडून नेमक्या धड्यावर बोट ठेवतो.