वाटणी झाली, पण प्लॉट एकच राहिला : राहत्या जागेचं उपविभाजन कसं करावं

सातबारा आणि मिळकत पत्रिका कशी वाचायची, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. वडिलांनी घेतलेला प्लॉट आहे, त्यावर जुना बंगला आहे आणि आता दोन मुलांना वेगवेगळं राहायचं आहे. अशा वेळी जमिनीचे दोन भाग करायचे तर नेमकं काय करावं लागतं? आपण महाराष्ट्रापुरतं बोलणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करूया. नोंदणीकृत वाटणीपत्र झालं की प्लॉट वेगळा झाला, असं बहुतेक घरांत समजलं जातं. तसं नसतं. वाटणीपत्र भावाभावांतला मालकीचा प्रश्न सोडवतं. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीचं उपविभाजन येतं. म्हणजे घर बांधायला जशी परवानगी लागते, तशीच प्लॉटचे दोन तुकडे करायलाही लागते. ती नसेल तर नगररचनेच्या लेखी भूखंड एकच. मग मागच्या हिश्श्यावर बांधायला गेलं की नकाशा अडतो, बँक कर्जाला खळखळ करते, आणि गोडीने झालेली वाटणी भांडणावर येते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नकाशा, मग वाटणीपत्र.

नकाशाच्याही आधी माणसं. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मुलगे आणि मुली हे सगळे वारस. ‘बहिणीला काही नको’ हे तोंडी चालत नाही. तिची सही तरी हवी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. जमीन भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर ज्याच्याकडून ती मिळाली त्याची परवानगी आधी. सोसायटीच्या ले-आउटमधला प्लॉट असेल, तर मूळ मंजुरीच्या अटी काढून वाचा.

आता कागदावर रेघ मारूया. समजा प्लॉट ६०० चौरस मीटरचा आहे. रस्त्याकडची रुंदी २० मीटर, खोली ३० मीटर.

पहिला पर्याय उभा काप. दोघांना १० बाय ३० मीटर आणि दोघांनाही रस्ता. दिसायला उत्तम, पण बंगला मधोमध असेल तर रेघ त्याच्या भिंतीतून जाते. तो पाडायची तयारी असेल तरच हा विचार करा.

दुसरा पर्याय आडवा काप. पुढे एक, मागे एक. इथे मागच्याला पोचायला रस्ता सोडावा लागतो. त्याची रुंदी नियमावली ठरवते. आपण फक्त हिशेबापुरती साडेचार मीटर धरू. ही पट्टी पुढच्या भागाच्या कडेने जाते. दोघांना समान जागा हवी असेल, तर रेघ बरोबर मध्यावर येत नाही. मागच्याला साधारण १३.१ मीटर खोली, दोघांना प्रत्येकी सुमारे २६२ चौरस मीटर, आणि उरलेले ७६ रस्त्यात. ‘अर्धं अर्धं’ म्हणून ३००-३०० ठरवून बसलेल्या घरांत याच ७६ मीटरवरून कटुता येते. तेव्हा रस्ता कुणाच्या वाट्यातून जाणार, त्याची मालकी आणि देखभाल कुणाची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. नवी हद्द पडली की जुन्या बंगल्याला त्या हद्दीपासून नियमाप्रमाणे अंतर सुटलं पाहिजे. शिवाय त्याचं बांधकाम आता लहान झालेल्या प्लॉटच्या चटईक्षेत्रात बसलं पाहिजे. पूर्वी ६०० मीटरवर सहज बसणारं बांधकाम २६२ मीटरवर बसेलच असं नाही.

आता परवानगी. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत अर्ज तिथे. बाहेर असाल तर जिल्हाधिकारी किंवा महानगर प्राधिकरण. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर गावठाणाबाहेरचा प्लॉट वेगळा होत नाही. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली, तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकत्रिकृत नियमावली लागू आहे. किमान क्षेत्र, रुंदी, रस्ता हे सगळं त्यातल्या कोष्टकांत आहे. त्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या नकाशावर विसंबू नका.

परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून नकाशा करून घ्या. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मग भूमी अभिलेख खात्याची मोजणी होऊन जागेवर खुणा पडतात, आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. ६० दिवसांत निर्णय आला नाही तर कायद्यात मानीव परवानगीची तरतूद आहे, पण प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. तिच्या भरवशावर खांब उभे करू नका. नकार आला तर कारणं लेखी मागा. शासनाकडे अपील करायला ४० दिवस असतात. परवानगीची मुदत एक वर्ष. नूतनीकरण करून ती जास्तीत जास्त आणखी तीन वर्षं वाढते.

अंतिम मंजुरीनंतर वाटणीपत्र करा आणि त्याला मंजूर नकाशा जोडा. मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. मग स्वतंत्र मिळकत पत्रिकांसाठी अर्ज. सातबारा असेल तर पोटहिस्सा आणि फेरफार. एकाच उताऱ्यावर दोघांची नावं लागणं म्हणजे विभाजन नव्हे.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. गुंठेवारीच्या वस्त्या आठवा. तिथे लोकांनी पैसे खरे दिले, घरं खरी बांधली. फक्त भूखंडाची रेघ मंजूर नव्हती. ती नियमित करायला २००१ साली वेगळा कायदा करावा लागला.

आणि हिशेब कुठेच जुळत नसेल, तर प्लॉट एकत्र ठेवून दोघांसाठी एकत्रित नकाशा मंजूर करून घेणं हाही मार्ग आहे. फक्त पुढच्या प्रत्येक अर्जावर दोघांच्या सह्या लागतील, याची तयारी ठेवा.

तर घरी गेल्यावर पहिलं काम : मिळकत पत्रिका आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवा, सगळ्या वारसांना, बहिणींनासुद्धा, बोलवा आणि पेन्सिलीने रेघ मारून पाहा. पेन्सिलीची रेघ खोडता येते. आता तुमचे प्रश्न घेऊया.