ती ओरडली का नाही?

देसाईगंज म्हणजे वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले हे गाव 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यात होते. 26 मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणले होते. आईबाप नाहीत, आसरा भावाचा, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. जबाब झाल्यावर सगळ्यांना जायला सांगितले, तिला मात्र थांबवून घेतले. ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाल्याची तिची तक्रार होती. आरोपी होते तिथलेच दोन पोलीस.

सत्र न्यायालयाने दोघांना सोडले आणि ताशेरे ओढले ते मुलीच्या चारित्र्यावर. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे राजीखुशी नव्हे, असे सांगून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा सुनावली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, मग जबरदस्ती कसली?

रात्रीची वेळ, बंद ठाणे, समोर खाकी वर्दी. त्या पोरीने ओरडून बोलवायचे तरी कोणाला?

हाच प्रश्न 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुल्या पत्रातून विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला किमान 10 वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, की ते खरे धरायचे. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची. सुनावणी बंद दालनात होऊ लागली, पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरला. म्हणूनच या मुलीचे नाव इथे दिलेले नाही.

दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, 2013 साली, कायद्याने आणखी स्पष्ट केले: प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. देसाईगंजच्या मुलीला जे हवे होते, ते कायद्याच्या पुस्तकात यायला 41 वर्षे लागली. पत्नी सज्ञान असेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला बलात्काराच्या व्याख्येतून आजही सूट आहे. ती जायलाच हवी.

शिक्षा गुन्ह्यानंतर होते, मग कायदा हिंसा रोखतो कशी? हात टाकणाऱ्याला आपण सुटणार नाही याची खात्री वाटली, तरच. ती खात्री निर्माण होते ठाण्याच्या पायरीवर, फिर्याद लिहून घेणाऱ्या टेबलाशी.

त्यामुळे हे घरातल्या प्रत्येकीला ठाऊक असू द्या. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. ती घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला किमान 6 महिन्यांचा कारावास आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. पोलिसांच्या मदतीसाठी 112 आणि महिला हेल्पलाइनसाठी 181 हे क्रमांक आहेत.