तिऱ्हाइताचा सल्ला

गेल्या श्रावणांत आमच्याकडे एक पत्र आलें. मजकूर दीड ओळीचा होता : "दोन एकर सोयाबीन पिवळें पडलें आहे. काय मारावें तें लवकर कळवावें." खालीं सही, गांव व जिल्हा. बाकी कांहीं नाहीं. पत्राच्या वळणावरून लिहिणारे गृहस्थ जाणते व अनुभवी दिसत होते. तरीही त्या दीड ओळीवरून आम्हांस एका अक्षराचें उत्तर देतां येईना. अशीं पत्रें आमच्याकडे वर्षभर येतात. हल्लीं त्यांच्यासोबत पानाचें छायाचित्रही असतें. पण पान म्हणजे शेत नव्हे. म्हणून अनोळखी माणसास आपली अडचण कशी विचारावी, आणि त्यानें दिलेलें उत्तर कितपत धरून चालावें, यासंबंधानें थोडें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पिकाचा पिवळेपणा हा माणसाच्या तापासारखा आहे. ताप हें रोगाचें नांव नव्हे. सोयाबीनचीं खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं होत असतील तर नत्राची उणीव असण्याचा संभव असतो. अशा वेळीं एक झाड मुळासकट हलकेंच काढून मुळावरच्या गांठी नखानें फोडून पाहाव्या. गांठ आंतून गुलाबी असेल तर ती काम करीत आहे असें समजावें. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाहीं. शेंड्याचीं कोवळीं पानें पिवळीं पण त्यांच्या शिरा हिरव्या, असें दिसल्यास लोह कमी पडत आहे. चुनखडीच्या जमिनींत हें नेहमींचें असून त्यास १० लिटर पाण्यांत ५० ग्रॅम हिराकस या प्रमाणाची फवारणी करितात. सखल भागांतलेंच पीक पिवळें असेल तर पाणी सांचून मुळें गुदमरलीं असावीं. तेथें मारावयाचें कांहीं नसून चर काढावयाचा असतो. नुकतेंच तणनाशक फवारलें असल्यास त्याचाही संशय घ्यावा. आणि पानांवर हिरवे-पिवळे चट्टे विखुरलेले असून झाड हालवितांच बारीक पांढऱ्या माश्या उडत असतील, तर तो पिवळा मोझॅक होय. २०२३ च्या खरिपांत विदर्भ-मराठवाड्यांत या रोगानें पुष्कळ शेतें पिवळीं केलीं, तें वाचकांस आठवत असेल. त्या रोगास औषध नाहीं. रोगट झाडें दिसतांक्षणींच उपटून नष्ट करणें व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करणें, एवढेंच हातीं असतें.

आतां यांतील एकाचा उपाय दुसऱ्यास केला तर काय होईल? मोझॅकच्या पिकास युरिया दिला तर पीक लुसलुशीत होऊन माशीची चंगळ होते. पाणी सांचलेल्या वावरांत नुसता हिराकस फवारून भागत नाहीं. "काय मारावें" या प्रश्नांत मारलेंच पाहिजे हें आधींच धरलेलें असतें, आणि अर्धें नुकसान तेथेंच होतें.

आम्हीं त्या गृहस्थांस त्याच दिवशीं उलट पत्र घातलें. पिवळीं पानें वरचीं कीं खालचीं? सगळें शेत पिवळें कीं मधूनमधून? जमीन काळी, मुरमाड कीं चुनखडीची? वाण कोणता, पेरणी कोणत्या तारखेस झाली, पाऊस केव्हां व किती पडला? आणि सर्वांत शेवटीं : आजपर्यंत त्या शेतांत काय काय घातलें व काय काय फवारलें? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळविणें फार कठीण जातें. नव्या वैद्याकडे जाणारा रोगी जुन्या वैद्याची पुडी लपवितो, तसे आपले लोक आदल्या फवारण्या लपवितात. लपविण्याचें कारण लबाडी नसून लाज असते. परंतु जो आपलें शेत पाहूं शकत नाहीं, त्याच्यापाशीं लाजून कसें चालेल? त्याचे डोळे म्हणजे आपलें पत्रच.

कोणी म्हणतील, गांवांत जाणतीं माणसें असतां परक्यास विचारावें तरी कशाला? हा आक्षेप खोटा नाहीं. शेजारच्या बांधावरील शेतकऱ्यास आपली जमीन ठाऊक असते, आपल्या विहिरीचें पाणी ठाऊक असतें. तेवढें ज्ञान दूरच्या कोणाही पंडितास असणार नाहीं. पण त्याच शेजाऱ्यास आपलें कर्जही ठाऊक असतें, आणि नसल्यास कळावें अशी आपली इच्छा नसते. भाऊबंदकींत तर साधा प्रश्नसुद्धां विचारण्याची चोरी. यामुळें माणूस आपली खरी अडचण आठवडी बाजारांत, एस. टी. च्या बांकावर, पालखीच्या वाटेवर, पुन्हां कधीं न भेटणाऱ्या माणसापाशीं बोलतो. आम्हीं स्वतः आगगाडींत ऐकलेल्या कहाण्या सांगूं लागलों तर हा अंक पुरणार नाहीं.

ही चाल कांहीं आजची नव्हे. लंडन शहरीं जॉन डंटन नांवाच्या पुस्तकविक्यानें १६९१ सालीं 'अथेनियन मर्क्युरी' नांवाचें पत्र काढिलें. वाचकांनीं निनांवी प्रश्न पाठवावे व पत्रानें उत्तरें छापावीं, असा त्याचा क्रम. लग्न, सचोटी, धर्म, सृष्टिज्ञान, सर्व प्रकारचे प्रश्न येत. उत्तरें देणारें विद्वानांचें एक मोठें मंडळ आहे अशी वाचकांची समजूत करून दिलेली होती. वस्तुतः तें मंडळ म्हणजे डंटन, त्याचा साडू सॅम्युएल वेस्ली, रिचर्ड सॉल्ट नांवाचा गणिती आणि फार तर एखाददुसरा. पत्र १६९७ पर्यंत चाललें, व पुष्कळ उत्तरें शहाणपणाचीं होतीं असें म्हणतात. तरीपण उत्तर देणारा कोण, हें विचारणाऱ्यास ठाऊक नव्हतें. आणि आजही बहुधा नसतें.

त्यापुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा : उत्तर देणाऱ्याचें त्यांत काय गुंतलें आहे? आपल्याकडे शेतकरी सर्वांत अधिक सल्ला घेतो तो औषध-बियाण्याच्या दुकानीं. दुकानदारांस सरसकट नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. कित्येक दुकानदार अभ्यासू आहेत, हंगामाला उधारी देतात, आणि पेरणीच्या गर्दींत दुसरें कोणी भेटत नाहीं तेव्हां तेच भेटतात. पण जो सल्ला फुकट मिळून पुडा विकत मिळतो, त्यांत पुड्याची किंमत सल्ल्यावर चढलेली असते, हें विसरूं नये. एका डब्याचें काम असतां तीन डबे एकत्र कालवून मारण्यास सांगणारा भेटला, तर दुकानाबाहेर येऊन थोडा वेळ स्वस्थ उभें राहावें.

२०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों रुग्णालयांत पडले. त्या सालीं कपाशी डोक्याइतकी वाढली होती, कीड वाढली होती, निरनिराळीं विषें एकत्र करून मारलीं जात होतीं, आणि अंगावर तोंड झांकण्यापुरतेंही धड साधन नव्हतें. कोणतें मिश्रण कोणीं सुचविलें याचा हिशेब आतां लागणार नाहीं. पण प्रत्येक डब्यावर एक चौकोन छापलेला असतो व त्यांत रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालीं पिवळा, मग निळा, मग हिरवा. डब्यासोबत चिठ्ठी असते. तींत पीक, कीड, प्रमाण व फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबावयाचे दिवस दिलेले असतात. आपल्या पिकाचें व किडीचें नांव त्या चिठ्ठींत नसेल, तर कोणीही कितीही खात्री दिली तरी तो डबा घरीं आणूं नये. विकण्यासारखें ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं अशा ठिकाणीं आधीं विचारावें. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषि विद्यापीठें आहेत. बहुतेक जिल्ह्यांत कृषि विज्ञान केंद्रें आहेत. आणि २००४ सालीं सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर १८००-१८०-१५५१ या क्रमांकानें सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत मराठींत विनामूल्य विचारतां येतें. तेथेंही वर दिलेले प्रश्न आधीं कागदावर उतरून मगच क्रमांक फिरवावा.

एवढें लिहिल्यावर आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. कालव्याखालील एका शेतकऱ्यानें उन्हाळी भुईमुगाविषयीं लिहिलें होतें. वर्णन चोख होतें : कोंवळीं पानें पिवळीं, शिरा हिरव्या, जमीन चुनखडीची. आम्हीं हिराकसाची फवारणी सुचविली. पीक पंधरा दिवस हिरवें झालें व पुन्हां पिवळें पडलें. त्यांनीं पुन्हां फवारलें, पुन्हां तेंच. महिना गेला, मजुरी गेली. शेवटीं त्या बाजूस जाण्याचा योग आला तेव्हां आम्हीं शेत पाहिलें. कालव्याचा पाझर वावरांत उतरत होता, त्यांतच ते दर आठ दिवसांनीं पाणी देत होते. अशा जमिनींत ओल फार झाली म्हणजे जमिनींत असलेलें लोहही मुळांस मिळत नाहीं. निदान बरोबर होतें, औषधही बरोबर होतें. पाणी किती देतां, एवढें आम्हीं विचारलें नव्हतें. त्या शेतकऱ्यानें आम्हांस दोष दिला नाहीं. तोच आमच्या मनांत राहिला.

शेतापलीकडच्या अडचणींत तर वेळेचें महत्त्व औषधाहून अधिक असतें. एका वाचकाची वहिवाटीची गाडीवाट शेजाऱ्यानें नांगरून बंद केली. त्यांनीं पंचांस विचारलें, सोयऱ्यांस विचारलें; सर्वांनीं सांगितलें, "सुगी होऊं द्या, मग बसून मिटवूं." सल्ला वाईट नव्हता, आणि मिटलें असतें तर उत्तमच. परंतु मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या ५ व्या कलमान्वये अडवलेली वाट मोकळी करून मागण्याचा दावा तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आंत करावा लागतो. आम्हांस पत्र आलें तेव्हां अकरा महिने झाले होते. आतां त्यांस दिवाणी न्यायालयाची पायरी चढणें भाग आहे. मिटवामिटव चालूं द्यावी, पण अर्जाची तारीख तिच्या भरवंशावर सोडूं नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समिति असते. १९८७ च्या कायद्यानें स्त्रियांस व अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांस उत्पन्न न पाहतां मोफत साहाय्य मिळतें, व इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेंत.

आणखी एका जातीचीं पत्रें येतात, त्यांविषयीं लिहावें कीं नाहीं याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. पत्र उसाच्या लागणीसंबंधीं किंवा गाईच्या भाकडपणासंबंधीं असतें, चांगलें पानभर असतें, आणि अगदीं शेवटीं, सहीच्या वर, एक ओळ असते : "जमीन काढून टाकावी काय?" किंवा "सावकारास खरेदीखत लिहून दिलें आहे, तें परत होईल काय?" खरा प्रश्न तो असतो. बाकीचें पान धीर गोळा करण्यासाठीं लिहिलेलें असतें. अशा पत्राचें उत्तर आम्ही शेवटच्या ओळीपासून लिहितों. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे. आणि सावकारीच्या व्यवहारांत जमीन लिहून घेतलेली असेल, तर पंधरा वर्षांच्या आंतील व्यवहाराबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करितां येतो, चौकशी होते, व तसें सिद्ध झाल्यास जमीन परत देण्याचा हुकूम होऊं शकतो. खरेदीखत झालें म्हणजे सर्व संपलें, अशी समजूत करून घेऊन कित्येकांनीं तोंड उघडलें नाहीं. कांहींनीं त्याहून भलतें केलें. ज्यांस रात्रीं झोंप येत नाहीं, घरांत बोलवत नाहीं, त्यांनीं १४४१६ या क्रमांकावर बोलावें. 'टेलि-मानस' नांवाची ही सरकारी सोय २०२२ सालापासून अहोरात्र चालू आहे, व पलीकडचा माणूस आपल्या गांवचा नसतो, हीच तिची सोय आहे. ज्यांच्या घरीं असें माणूस आहे त्यांनीं त्याच्याजवळ बसून स्वतः तो क्रमांक लावून द्यावा.

सोयाबीनच्या त्या गृहस्थांचें दुसरें पत्र पांचव्या दिवशीं आलें. या खेपेस तें दोन पानांचें होतें. पानांवर चट्टे होते, झाड हालविल्यावर माश्या उडत होत्या, आणि बाजारांत भेटलेल्या कोणाच्या सांगण्यावरून एका एकरास युरियाचें अर्धें पोतें आधींच पडलें होतें. त्याच एकरांत रोग अधिक दिसतो असें त्यांनीं प्रांजळपणें लिहिलें होतें. घरच्या माणसांनीं मिळून दोन दिवसांत रोगट झाडें उपटून बांधाबाहेर खड्ड्यांत पुरलीं. पुढील सालीं कोणता वाण पेरावा, असा त्यांनीं शेवटीं नवा प्रश्न घातला होता. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस जमीन कोणती तें पुन्हां विचारावें लागलें. तेवढें त्यांनीं याही खेपेस लिहिलें नव्हतें.